निशिगंधाने न हलवलेली नोंद

निशिगंधा पाटील पेणजवळच्या कामार्लीची. रोह्याच्या एका औषध कंपनीत ऑफिसचं वेळापत्रक सांभाळायची. गेल्या वर्षी कंपनीने नवं सॉफ्टवेअर आणलं. लोकांना सवय होईपर्यंत जुनं आणि नवं अशी दोन्ही कॅलेंडरं चालू ठेवायची ठरली. एकात पडलेली नोंद दुसऱ्यात उतरवायचं काम निशिगंधाकडे आलं.

वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने दोन्हीकडे रजा टाकली. नेमकी ऑपरेशनच्याच दिवशी कंपनीत तपासणी ठरली. तिचे साहेब यज्ञेश दांडेकर तिच्याच खुर्चीमागे उभे राहिले, माउस हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांदेखत रजा दोन्हीकडून पुसली.

"भाऊ आहे ना घरी? तो बघेल. तू तपासणी झाली की जा."

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी ती तपासणीच्या फायली लावत असताना भावाचा, हर्षदचा फोन आला. वडील ऑपरेशनच्या टेबलावरच गेले होते.

तेरावं उरकून ती कामावर आली, तर निराळंच कानावर आलं. निशिगंधाने रजा टाकलीच नव्हती, दोन कॅलेंडरांत तिनेच घोळ घातला, असं यज्ञेश सगळ्यांना सांगत होता. मीटिंगमध्ये तो म्हणाला, "यापुढे माझ्या नोंदींना मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"व्हय सर," निशिगंधा म्हणाली. आणि वाट बघत बसली.

जुनं कॅलेंडर बंद व्हायच्या आठवड्यात परदेशी गिऱ्हाइकांची भेट ठरल्यापेक्षा काही दिवस आधी आली. यज्ञेशने सवयीने नवी तारीख जुन्यातच टाकली आणि विसरून गेला; त्याच्या फोनवर आठवण मात्र नव्यातूनच यायची. निशिगंधाने नोंद वाचली, पुन्हा वाचली. नव्यात उतरवायला काही वेळ लागला नसता. तिने स्क्रीनवरचं कॅलेंडर बंद केलं आणि चहाला गेली. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

पाहुणे गेटवर आले तेव्हा यज्ञेश मित्रांबरोबर कोलाडला राफ्टिंगला गेला होता. फोन गाडीत. पाहुणे ताटकळले, चिडले आणि मोठी ऑर्डर न देताच मुंबईला परतले.

कारखान्याच्या प्रमुख वृंदा मॅडमनी निशिगंधाला केबिनमध्ये बोलावलं. यज्ञेश तिथेच बसला होता.

"ही नोंद तुला दिसली नव्हती?"

"दिसली होती."

"मग?"

"सरांनी हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. सगळ्यांसमोर."

"एवढं तरी सांगायचंस मला," यज्ञेश म्हणाला.

"तुम्ही माझी रजा पुसलीत तेव्हा मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं सर. बापाचं ऑपरेशन हाय, हेसुद्धा."

मॅडम यज्ञेशकडे वळल्या. महिन्याभरात त्याची गुजरातच्या गोदामावर बदली झाली. निशिगंधाला ऑफिसातून काढून स्टोअरमध्ये टाकलं. तिने तक्रार केली नाही.

घरी आईला, विमलबाईंना तिने सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती.

"त्याला कळलं का गो, कशासाठी केलंस ते?"

"कळलं."

"मग बरं झालं," विमलबाई म्हणाल्या आणि सूप पुढे ओढलं.