मागच्या खिडकीचा हट्ट

आमच्या कारखान्यात रिकाम्या व्हॅन यायच्या आणि घरं होऊन बाहेर पडायच्या. पलंग, ओटा, कपाटं, संडास, सगळं सहा मीटरांत. लाकूडकाम मिस्त्रींचं, विजेचं वायरमनचं, गाद्या-पडद्यांचं माझं. वायरमन म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा धाकटा भाऊ. मिस्त्रींनीच त्याला इथं चिकटवला होता आणि दोघं दिवसभर एकमेकांची खेचत असायचे.

मिस्त्री गाडीचा नकाशा कागदावर काढायचे नाहीत. खडूनं जमिनीवर काढायचे, खऱ्या मापाचा, आणि गिऱ्हाइकाला आत उभं करायचे. "झोपा," म्हणायचे. "आता उठा. बायको ओट्यापाशी आहे, तुम्हाला संडासला जायचंय. जा बघू." भलेभले त्या रेघांमध्ये एकमेकांना धडकायचे आणि शेवटी स्वतःच म्हणायचे, मागं आडवा पलंगच बरा. मिस्त्रींना तेच हवं असायचं. पलंग मागं टाकला की त्याच्यावर खिडकी ठेवता येते आणि चालवणाऱ्याला आरशातून आरपार मागचं दिसतं.

"पुढं जायला कुणालाही येतं," ते म्हणायचे. "ड्रायव्हर कळतो तो मागं येताना."

या खिडकीपायी ते गिऱ्हाइकाशीच काय, मालकाशीही भांडायचे. लोक म्हणायचे, म्हातारा हट्टी आहे. हट्टाचं खरं कारण फक्त मला ठाऊक होतं.

आमची शेड चिंचोळी. गाडी तोंडानं आत यायची आणि उलटी बाहेर निघायची. दाराबाहेर जेमतेम तीस फुटांची गल्ली, पलीकडे कुंपणाची दगडी भिंत. गाडी मागं काढताना एकानं मागं उभं राहून गाडीचा पत्रा वाजवायचा: एकदा म्हणजे ये, दोनदा म्हणजे थांब. गाडी काढायचे मिस्त्री आणि पत्रा वाजवायचा वायरमन. वर्षानुवर्षं हीच जोडी.

आणि मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं.

हे मला माझ्या टाचण्यांमुळे कळलं. कापड ताणून बसवताना मी पाच-सहा टाचण्या ओठांत धरते आणि तशीच बोलते. एरवी मिस्त्री बरोबर उत्तर द्यायचे. तोंडात टाचण्या असल्या की मात्र नुसतं "हं, हं" करायचे. एकदा मी मुद्दाम टाचण्या धरून म्हटलं, "मिस्त्री, तुमच्या शर्टाला आग लागलीय." ते म्हणाले, "हं, ठेव तिकडं." मी खूप हसले. मग हसू आटलं. तीस वर्षं करवतीच्या यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस, त्याच्या कानाचं काय उरणार! ते ओठ वाचत होते. गाडी मागं घेताना पत्रा ऐकत नव्हते, खिडकीतून मेहुण्याचा हात बघत होते.

मी कुणालाच बोलले नाही. आमच्या मालकानं याआधी एका रंगाऱ्याला हात थरथरतो म्हणून घरी बसवलं होतं. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. कान गेले तरी डोळे आहेत, खिडकी आहे, कुणाचं काय बिघडतंय? स्वतःला मी फार शहाणी समजत होते.

मग एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको आली. बाईंचे गुडघे गेलेले. त्यांना मागच्या टोकाला गाडीच्या पूर्ण रुंदीची न्हाणी हवी होती, धरायला दांडे लावलेली, बसून अंघोळ करता येईल अशी. मागणी वाजवी होती. पण मागं न्हाणी म्हणजे मागं पक्की भिंत.

मिस्त्रींनी तीनदा खडूनं आखलं, तीनदा पुसलं. न्हाणी मधे टाकून बघितली, तर बाईंना वळताच येईना. "मागं बारीक तरी खिडकी ठेवू," ते म्हणाले.

"न्हाणीला खिडकी?" मास्तर हसले. "अहो, मागचं बघून काय करायचंय? आता आम्हाला पुढंच बघायचंय."

मालक म्हणाले, "मिस्त्री, कॅमेरा लावू की! एवढं काय अडलंय?"

कॅमेरा बसायचा अगदी शेवटी, तोवर गाडी पत्र्यावरच हलवायची. पण हे अडतंय ते सांगायचं तर कान गेल्याचं सांगावं लागलं असतं. मिस्त्री गप्प बसले. मीही तिथंच होते, पडद्याचं कापड मोजत. मीही गप्प बसले. त्यांनी स्वतःच्या हातानं ती भिंत उभी केली आणि कामात कुठं खोट ठेवली नाही. एक फट शोधून सापडली नसती.

गाडी न्यायच्या दिवशी कॅमेरा बसला होता, पण त्याचं चित्र दाखवणारा स्क्रीन आला नव्हता. मास्तर दुपारी येणार होते, त्याआधी गाडी धुवायला बाहेर काढायची होती. वायरमन नेहमी डाव्या कोपऱ्याला उभा राहायचा, बाजूच्या आरशात थोडा तरी दिसेल असा. त्या सकाळी त्या कोपऱ्यात प्लायवूडची थप्पी उतरवलेली. म्हणून तो बरोबर मधोमध उभा राहिला, गाडी आणि भिंतीच्या मधे.

"दाजी, हळू!" तो म्हणाला. "तुमच्या मेहुण्याला अजून लेकीचं लग्न करायचंय."

माझा धागा तुटला होता, म्हणून मशीन बंद होती. पत्रा एकदा वाजला. तो मागं गेलेला बघून मिस्त्रींनी अंदाजानंच गाडी मागं काढली. मग दोनदा वाजला. गाडी थांबली नाही. मग पाच वेळा, उघड्या तळव्यानं. मी ओरडत धावले, दारावर मूठ आपटली, तेव्हा मिस्त्रींनी माझं तोंड बघितलं आणि ब्रेक दाबला. तोवर व्हायचं ते झालं होतं.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "त्यानं थांबायचा पत्रा वाजवलाच नाही, साहेब." खोटं बोलत नव्हते ते. पत्र्याचा मोठा आवाज तरी आपल्याला कळतो अशी त्यांची समजूत होती; त्यांच्यापुरतं ते खरंच होतं. मग मला विचारलं. मिस्त्री माझ्या ओठांकडे बघत होते. मी म्हटलं, "माझी मशीन चालू होती, मला ऐकू आलं नाही."

एवढ्या एका वाक्यानं मेलेल्या माणसावर दोष गेला. लोक म्हणाले, मोबाइल बघत असेल. मिस्त्रींची बायको कारखान्यात भावाची हत्यारांची पिशवी न्यायला आली, तेव्हा मालकांना म्हणाली, "माझा भाऊ असा नव्हता हो. तो घराचं कुलूपसुद्धा तीनदा ओढून बघायचा." मालकांनी मान हलवली. मी उशी शिवत बसले. मला माझीच किळस आली होती.

तीन आठवड्यांनी मिस्त्री कामावर आले. हाताखालच्या पोरांनी दुसरी गाडी तयार ठेवली होती. मास्तरांची गाडी बघून आलेलं गिऱ्हाईक, यांनाही न्हाणी मागंच हवी होती. मालक मला म्हणाले, "वायरमन नवा यायचाय. आज पत्रा तू वाजव."

मिस्त्री किल्ली घेऊन माझ्यापाशी आले. तोंड निम्मं झालं होतं त्यांचं. "बाई, पत्रा नीट वाजव," म्हणाले. "त्यानं वाजवला नाही. वाजवला असता तर आज असता."

माझ्या ओठांत टाचण्या होत्या. मी त्या एकेक काढल्या आणि गादीत खोचल्या. मग तोंड त्यांच्या समोर धरलं.

"वाजवला होता, मिस्त्री. आधी दोनदा. मग पाच वेळा. मी ऐकला."

"परत बोल," ते म्हणाले. पहिल्या वेळीच समजलं होतं त्यांना, दिसत होतं मला. तरी मी परत बोलले.

ते माझ्या कापायच्या टेबलावर टेकले. मग विचारलं, "माझ्या कानांचं तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"दोन वर्षं झाली."

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. दिल्या नाहीत. किल्ली टेबलावर ठेवली आणि दारातून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. तिचा मधला भाग धुऊन घेतला होता, तेवढाच उजळ दिसत होता.

"घरी चल," ते म्हणाले. "हिला तू सांग. मी सांगेन, पण ती काय बोलेल ते मला ऐकू यायचं नाही. आणि तिच्या तोंडाकडे माझ्यानं बघवणार नाही."

मी हात पुसले आणि त्यांच्याबरोबर निघाले.