माणूस कापा, तोफ ठेवा

छंदाचं एक असतं. वस्तू जमतात त्याच्या दुप्पट वेगाने किस्से जमतात, आणि वस्तू निदान पलंगाखाली सरकवता येतात! आमचा छंद जुन्या युद्धचित्रांचा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या छापील तोफा, बंदुका, शिपाई. आम्ही तिघं: निवृत्त शिक्षक साळवी सर, तळोज्याच्या कारखान्यातला फरहान आणि मी. सर आणि मी ऐरोलीत एकाच सोसायटीत. हेतू माझा: प्रदर्शन भरवून लोकांना युद्धाची लाज वाटायला लावायची. लाज भरपूर वाटली. फक्त लोकांना नाही.

*

पावणे गावातल्या फ्रेमवाल्याने विचारलं, "मॅडम, सगळं बसत नाय. कडेचा माणूस कापू?"

सर ओरडले, "माणूस काप! तोफेला हात लावलास तर बघ!"

आणि युद्धविरोधी प्रदर्शनाची संयोजक, म्हणजे मी, मान डोलावत होते!

*

फरहानची अम्मी वैतागली. "सोयरीक घेऊन आलेली माणसं भिंतीवरच्या तोफा बघून चहा न पिताच उठतात!"

"अम्मी, हे सगळं शांततेसाठी आहे."

"मग शांततेने उतरव!"

*

एका शाळेत चित्रं दाखवत मी घसा बसेपर्यंत शांततेवर बोलले. प्रश्न एकच आला: "मॅम, यातली बेस्ट गन कुठली?"

रागवायला तोंड उघडलं आणि कळलं, मला उत्तर पाठ आहे.

*

आमच्यात चित्र 'मिळालं' म्हणत नाहीत, 'मारलं' म्हणतात. परवा सरांनी मेसेज टाकला: "आज स्वस्तात दोन शिपाई मारले! एकाचं डोकं फाटलंय, पण चालेल."

मी ग्रुप न बघताच खाली लिहिलं, "जबरदस्त!"

ग्रुप सोसायटीचा होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या जनाकाकूंचा एकच शब्द आला: "कुठं?"

त्यांचा निलेश सीमेवर आहे.

आम्ही दोघं जिन्याने धावलो. काकू दारातच उभ्या, फोन कानाला.

"काकू, चित्रातले हो! कागदाचे!" सर धापा टाकत म्हणाले.

काकूंनी ऐकलंच नाही. "पोराचा फोन लागत नाय. तुमच्यावरनं लावा."

आम्ही लावत राहिलो. लागेना. काकू आमच्या बोटांकडे बघत होत्या. मला मान वर करवेना.

मग काकूंचाच फोन वाजला. त्यांनी घाईघाईत स्पीकर लावला.

"आये, बरा हाय मी," निलेश म्हणाला. "मी पन हाय त्या ग्रुपवर. सर हायेत काय तिथं? इचार त्यानला, स्वस्तात म्हंजे कितीला?"