मावसबहिणीचं नाव

मावसबहिणीचा फोन आला तेव्हा मी वाळूजच्या कारखान्यात बाटलीच्या झाकणाच्या साच्याचं ड्रॉइंग करत बसले होते. ती पुण्याहून बोलत होती आणि आवाज असा चढलेला की शेजारच्या टेबलावरच्या पोरीनंही मान वर केली.

"ताई, आपला पिक्चर येतोय ना शुक्रवारी, त्यात माझं नाव आहे! शेवटी नावं येतात ना, त्यात. खरंच!"

"अरे वा," मी म्हणाले. फोन ठेवला आणि झाकणाचे आटे मोजायला लागले. तीनदा मोजले, तिन्ही वेळा चुकले.

'आपला पिक्चर' हे शब्द मुळात माझे. मी आठवीत असताना केबलवर रविवारी दुपारी ते सिनेमे लागायचे, इंग्रजीतून हिंदीत केलेले. एक जुनाट मालवाहू यान, त्याची म्हातारी कप्तान आणि तिची पाच माणसं. एकूण तीन सिनेमे आले. तिन्हींत एक ग्रह असा होता की कप्तान त्यावर यान उतरवायचीच नाही. इंधन संपत आलं तरी वळसा घालून जायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "वहाँ नहीं." बस्स. का नाही, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्याच वर्षी मावशीनं तिच्या लेकीला सोयगावहून आमच्याकडे शिकायला पाठवलं. ती पाचवीत होती. आमच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत ती माझ्या शेजारी झोपायची, माझ्याच जुन्या दप्तरात पुस्तकं न्यायची. पहिल्यांदा तो सिनेमा पाहिला तेव्हा काळ्याभोर आभाळाला भिऊन ती चादरीत शिरली होती. मी तिला बाहेर ओढलं. म्हटलं, "यान म्हणजे आपली एसटीच समज. कप्तान म्हणजे ड्रायव्हर. आता बघ." तेव्हापासून ती बघायला लागली.

शाळेत जाता-येता आमचा एकच विषय. त्या ग्रहावर काय झालं असेल? मी दोनशे पानी वहीत गोष्ट लिहायची, ती चित्रं काढायची. यान कसं काढायचं, लांबचं लहान आणि जवळचं मोठं कसं दाखवायचं, हे तिला मी शिकवलं. माझ्या गोष्टीत कप्ताननं तरुणपणी धाकट्या बहिणीला त्या ग्रहावर मागं सोडलेलं असायचं. मावसबहिणीला ते पटायचं नाही. "ती तिला न्यायला परत येते असं लिही ना," म्हणून मागं लागायची. मी कधी लिहिलं नाही.

दहावीनंतर मला पुण्याला अॅनिमेशन शिकायचं होतं. वडील म्हणाले, इथंच डिप्लोमा कर, पोरीला एकटीला तिकडं ठेवायचं नाही. मी इथंच डिप्लोमा केला. काही वर्षांनी मावसबहिणीलाही तेच शिकायचं होतं आणि मावशी नको म्हणाली. तेव्हा मी सोयगावला गेले आणि एक अख्खी दुपार मावशीशी भांडले. तिला पुण्याला पाठव, नाहीतर मी या घरात पाऊल टाकणार नाही, इथपर्यंत बोलले. मावशी शेवटी हो म्हणाली. परतीच्या बसमध्ये मला आनंद झाला होता हे खरं आहे. माझ्यासाठी तसं भांडायला कुणी आलं नव्हतं, हेही त्याच बसमध्ये पहिल्यांदा मनात आलं.

आता इतक्या वर्षांनी त्या सिनेमांच्या आधीची गोष्ट येणार होती. कप्तानचं तरुणपण आणि तो ग्रह. वर्षभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कारखान्यात नव्यानं लागलेल्या पोरी त्या यानाचं चित्र छापलेले टी-शर्ट घालून यायच्या. "मॅडम, तुम्हालापण आवडतं हे?" एकीनं विचारलं. मला तिच्या तोंडावर हातातली फूटपट्टी आपटावीशी वाटली. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून, असं मनात म्हणाले आणि वरवर हसले. एवढ्यात मावसबहिणीचा तो फोन.

रविवारी मावशी जीप करून आली. सोबत काका, दोन्ही दीर-जावा, त्यांची मुलं, शेजारच्या दोन बाया, अशी अकरा माणसं. मावशीनं तीस वर्षं अंगणवाडी चालवली. माणसं कशी रांगेत बसवायची हे तिला बरोबर कळतं. मॉलच्या दारात सुरक्षारक्षकानं भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढून ठेवायला लावला. मावशी त्याला म्हणाली, "नीट ठेव बरं बाबा, माझ्या लेकीचं नाव आलंय पिक्चरमधी. ते बघून लगेच येते." तो बिचारा उठून उभा राहिला.

बाराचा हिंदीतला खेळ होता. मावशी माझ्या शेजारी बसली. "तुलाच कळंल ते नाव," ती म्हणाली. "आम्हाला इंग्रजी येत नाय, पोरांना आलं तरी घाईत दिसायचं नाय. तू बोट दाखव. मी तिकडंच बघते."

सिनेमा सुरू झाला आणि मी लहान झाले. यान अजून नवंकोरं होतं, त्याच्या पोटावरचा तो ओळखीचा पोचा अजून पडलेला नव्हता. तो कसा पडला हे दाखवलं तेव्हा मी तोंडावर हात दाबून धरला. तरुण कप्तान एका उंच मनोऱ्यावरून उडी मारते, खाली तांबूस धूळ उसळते आणि क्षणभर कसलाच आवाज येत नाही. तिथं मी रडले. मग तो ग्रह आला. आणि कळलं की कप्तानचं तिथं एका राजपुत्रावर प्रेम होतं, त्यानं दगा दिला, म्हणून ती परत कधी उतरली नाही.

एवढंच? मला कुणीतरी फसवल्यासारखं झालं. इतकी वर्षं इंधन संपेपर्यंत वळसे घातले ते याच्यासाठी? पुढं बसलेली कॉलेजची पोरं शिट्ट्या मारत होती आणि मला त्यांचाही राग येत होता, कारण त्यांना सगळं आवडलं होतं. त्यांना काही गमवावं लागलेलं नव्हतं.

दिवे लागले. लोक उठले. आमची अकरा माणसं आणि मी तेवढे बसून राहिलो. काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागली. शेकडो, बारीक अक्षरांत, तीन-तीन रांगा. मावशी पुढं सरकून बसली.

"लई जोरात पळायलंय की गं हे."

"थांब मावशी, वेळ आहे अजून."

झाडू घेतलेला माणूस पायऱ्यांवरून खाली आला. "आंटी, खतम हो गया. अब कुछ नहीं आता."

"नाव येनेवाला है मेरे बेटी का," मावशी म्हणाली. तो झाडू धरून तिथंच थांबला आणि आमच्यासोबत बघायला लागला.

मावसबहिणीनं मला फोनवर नीट सांगून ठेवलं होतं. आधी ती काम करते त्या पुण्याच्या कंपनीचं नाव, त्याखाली तीन रांगा, मधल्या रांगेत खालून तिसरं. कंपनीचं नाव आलं. मी खालून तिसऱ्यावर नजर ठेवली. आणि ते आलं. तिचं नाव, वडिलांचं नाव नसलेलं, नुसतं नाव आणि आडनाव. माझ्या सिनेमाच्या पोटात ते पांढऱ्या अक्षरांत वर चढत होतं.

माझा हात उचलला गेला नाही. दोन, तीन सेकंद. तेवढ्यात ते वरच्या काठाशी गेलं आणि नाहीसं झालं.

"आलं का गं?"

"नाही दिसलं मावशी," मी म्हणाले. "निसटलं बहुतेक."

शेजारच्या बाईनं मावशीकडं पाहिलं. मावशी शेवटचं नाव जाईपर्यंत बसली. मग पदर सारखा करत उठली. "असू दे. ती म्हणाली म्हणजे असंल." बाहेर येऊन तिनं सुरक्षारक्षकाकडून डबा घेतला. "दिसलं का नाव?" त्यानं विचारलं. "व्हय व्हय, दिसलं," मावशी म्हणाली. माझ्यासाठी ती खोटं बोलली. म्हणजे मला तसं वाटलं. लेकीसाठीही असेल.

तीन दिवस मी गप्प होते. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या मागच्या बाजूला जाऊन मावसबहिणीला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. "मला दिसलं होतं. मी बोट दाखवलं नाही."

फोन बंद पडला की काय म्हणून मी कानापासून दूर धरून बघितला.

"का पण?"

"जळायला झालं मला," मी म्हणाले. यापेक्षा बरा शब्द मला सापडला नाही.

"माझ्यावर?" ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "ताई, मी आठ महिने दोऱ्या पुसल्यात. ती हिरॉइन मनोऱ्यावरून उडी मारते, तेव्हा तिला तारेनं बांधून लटकवतात ना, ती तार एकेका चित्रातून पुसायची. मी चांगलं काम केलं तर कुणाला काही दिसतच नाही. पूर्ण पिक्चर अजून मी पाहिलेलाही नाही. एक नाव तेवढं होतं दिसण्यासारखं."

मी भिंतीवरच्या रंगाचा पोपडा नखानं काढत राहिले.

"आईला मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तू सांग. जाऊन सांग, फोनवर नाही."

पुढच्या रविवारी मी सोयगावला गेले. मावशी अंगणात तूर निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि ताटातली तूर निवडता निवडता सांगितलं. तिचे हात थांबले. ती उठली, आत गेली. चहा घेऊन आली, काकांना दिला, मला दिला, स्वतः घेतला नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाली,

"तुझ्या आईनं माझी लेक सहा वर्षं सांभाळली. म्हणून मला तुला बोलता येत नाय. नायतर बोलले असते."

तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कपबशी खाली ठेवून मी म्हणाले, "पिक्चर अजून बुधवारपर्यंत आहे. माझ्यासोबत चल. आपण दोघीच."

"आणि या खेपेला दिसंल का?" तिनं विचारलं. हे मात्र तिनं माझ्या डोळ्यांत बघून विचारलं.

"दिसेल."

मंगळवारी मी सुट्टी टाकली. दुपारच्या खेळाला जेमतेम दहा माणसं होती. सिनेमा दुसऱ्यांदा मला जास्त आवडला, याचाही मला राग आला. राजपुत्र तेवढाच पोकळ होता, पण ग्रह सोडताना कप्तान एकदा मागं वळून बघते ते पहिल्या खेपेला माझ्या लक्षात आलं नव्हतं. मनोऱ्यावरच्या उडीला मी खुर्चीच्या टोकावर येऊन तार शोधली. तिच्या कमरेला, खांद्याला, मागच्या आभाळात. कुठंच काही नव्हतं. इतकं स्वच्छ काम केलं होतं तिनं. दोन दशकं मीही संगणकावर रेघा मारतेय, मला सफाई म्हणजे काय ते कळतं. ती जळजळ आधीच्यापेक्षा वेगळी होती, खोल होती. नावाची जळजळ त्यापुढं काहीच नव्हती.

नावं सुरू झाली तशी मी उठून पडद्याच्या अगदी जवळ गेले. कंपनीचं नाव आलं आणि मी हात वर केला. माझ्या हाताची सावली पडद्यावर पडली नाही, पण मावशीला माझं बोट दिसत होतं. मधली रांग, खालून तिसरं. ते वर सरकलं तसं मीही टाचा उंच केल्या.

"हे! हे बघ मावशी, हे!"

मी वळून पाहिलं. मावशी उभी राहिली होती. दोन्ही हात समोरच्या खुर्चीवर ठेवून, मान वर करून. नाव काठाशी जाऊन संपलं तरी ती तशीच होती.

"एवढंसंच?" ती म्हणाली.

"एवढंसंच."

"बरं दिसतंय पण." खाली उतरताना तिनं माझा हात धरला, पायऱ्या नीट दिसत नव्हत्या म्हणून. अर्ध्यावर थांबून तिनं विचारलं, "तुझं नाव कुठं येतं गं?"

"ड्रॉइंगच्या कोपऱ्यात. पूर्ण नाही, दोन अक्षरं."

"कोन वाचतं ते?"

"कुणी नाही. चूक निघाली तर वाचतात."

ती हसली नाही. "हं" म्हणाली आणि पुढं चालायला लागली. मला बरं वाटावं म्हणून ती काही बोलली नाही, हे मला आवडलं.

रिक्षा जालना रोडला लागली तशी तिनं लेकीला फोन लावला आणि रस्त्याच्या आवाजावर ओरडून बोलायला लागली. "दिसलं गं! सगळं दिसलं! मधल्या रांगेत! तुझ्या ताईनं दाखवलं." पलीकडून मावसबहीण काहीतरी भराभर बोलत होती. मावशी ऐकत होती, मान हलवत होती, मध्येच पदरानं डोळे पुसत होती. मग तिनं फोन माझ्यापुढं धरला. "घे, तुला द्यायला सांगती. पिक्चर कसा वाटला, इचारायली."

किती बोलायचं होतं मला. राजपुत्राबद्दल, त्या मागं वळून बघण्याबद्दल, मनोऱ्यावरच्या उडीबद्दल. हे सगळं ऐकून समजून घेईल असं जगात एकच माणूस होतं आणि ते फोनवर थांबलेलं होतं. पण त्यासाठी आधी तिचं काम किती स्वच्छ झालंय ते सांगावं लागलं असतं, आणि ते अजून जमेना; मी हातानंच खूण केली, नंतर करते म्हणून.

"ती नंतर करती म्हणती," मावशीनं सांगितलं आणि लेकीला तूर कितपत झालीय ते सांगायला लागली.