बदलीशिवाय सोडलेली नोकरी

नोकरी कधी सोडावी हे ठरवण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. लग्नानंतर चार गावांत चार नोकऱ्या केल्या आणि चारही नवऱ्याच्या बदलीमुळे सोडल्या. तो केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे. ऑर्डर आली की मुलीच्या शाळेचा दाखला, गॅसचं कनेक्शन आणि माझी नोकरी, सगळं एका झटक्यात आवरायचं. जबलपूरला मी शाळेत शिकवत होते, बडोद्याला एका ट्रॅव्हल कंपनीत बुकिंग बघत होते. "मिस्टरांची बदली झाली" एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न येत नसे. केक कापायचे, भिंतीवरचं घड्याळ द्यायचे, संपलं. जबलपूरच्या मुख्याध्यापिका वर्षभर माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या, निरोपाच्या दिवशी मात्र गळ्यात पडून रडल्या. बदलीने सगळ्यांचीच सोय होते. कोण कुणाला कंटाळलं होतं हे शोधावं लागत नाही.

चंडीगडला आलो तेव्हा मुलगी शिकायला बंगळुरूला गेली होती आणि सरकारी क्वार्टरमधलं घरकाम अर्ध्या दिवसात संपत होतं. मी घरी बसून डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला. मोहालीतल्या एका एजन्सीने घेतलं. मालक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्याने मला "मॅडम जी" केलं आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं. बाकीची सगळी पोरं माझ्या मुलीच्या वयाची होती. त्यांना इन्स्टाग्राम कळायचं, मला गिऱ्हाईक कळायचं. जमून गेलं.

सुरुवातीची वर्षं खरंच चांगली गेली. झिरकपूरच्या एका बिल्डरची जाहिरात मी लिहिली होती. फ्लॅटमध्ये काय काय आहे ते न सांगता सकाळी शाळेची बस दारात येते एवढंच सांगितलं होतं. ती ओळ त्यांना इतकी आवडली की एअरपोर्ट रोडवर त्यांनी तिचं होर्डिंगच लावलं. रविवारी नवऱ्याला मी मुद्दाम तिकडून न्यायला लावलं. जाममध्ये गाडी अडकली होती, त्यामुळे बघायला भरपूर वेळ मिळाला. त्याने ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, "तुझं नाव नाही कुठे."

"नसतंच."

"असायला पाहिजे होतं," असं म्हणून त्याने फोटो काढला.

त्याच संध्याकाळी नणंदेचा अकोल्याहून फोन आला. बोलता बोलता मी तिला म्हणाले की आता यांची बदली कुठेही होऊ दे, ही नोकरी मी सोडणार नाही. नवरा तिथेच पेपर वाचत बसला होता. बोलले आणि विसरले.

पुढे काम बदलत गेलं. लिहिण्याचं काम सॉफ्टवेअर करू लागलं आणि मी ते तपासू लागले. पोरं एकेक करून गुडगाव, कॅनडा, जिथे जमेल तिथे गेली. क्लायंटही गेले. उरलेल्यांत मोठं होतं ते एक खासगी हॉस्पिटल. त्यांच्याबद्दल लोक इंटरनेटवर जे बरंवाईट लिहीत त्याला हॉस्पिटलच्या नावाने उत्तर देणं माझ्याकडे आलं. त्यासाठी मंजूर केलेली तीन वाक्यं होती. आपला अनुभव वाचून आम्हाला वाईट वाटलं. आपली भावना आम्ही समजू शकतो. आपलं म्हणणं आम्ही संबंधित विभागाकडे पोहोचवलं आहे. हिंदीत, इंग्रजीत, पंजाबीत, जशी तक्रार तसं उत्तर. तक्रारी मी खरोखर पुढे पाठवत असे. हॉस्पिटलकडून त्यांची पोच कधी आली नाही.

एका बाईने तिच्या वडिलांबद्दल लिहिलं. सकाळी त्यांना वॉर्डातून हलवून कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर ठेवलं, का ते सांगितलं नाही, दुपारी ते गेले. शिवीगाळ नव्हती, पैसे परत मागितले नव्हते. त्यांना हलवायला कुणी सांगितलं, एवढंच तिला हवं होतं. मी तीन वाक्यं टाकली. तासाभरात तिचं उत्तर आलं, "विभाग कौन सा है, बता दीजिए. मैं ख़ुद चली जाऊँगी."

मी मालकाला दाखवलं.

"मॅडम जी, दिल पे मत लो," तो म्हणाला. "वही वाला दोबारा डाल दो. थोड़ा चेंज करके."

"विभाग पूछ रही है वो."

"विभाग होता तो हमें थोड़ी रखते?" तो स्वतःच्या विनोदावर हसला. तसा तो वाईट माणूस नव्हता. माझ्या गुडघ्याचं दुखणं निघालं तेव्हा त्याने मला लिफ्टजवळची जागा दिली होती.

मी थोडं बदलून तेच टाकलं. त्या बाईने पुन्हा काही लिहिलं नाही.

घरी आले, पोळ्या केल्या, जेवले. राग आला नाही, रडू आलं नाही, झोपही लागली. सकाळी हे लक्षात आलं तेव्हा मला कळलं की आता निघायला हवं. लोक सोडण्याची कारणं सांगतात, पगार, बॉस, बढती. मला एकच ठाऊक आहे. त्या कामाने माझं काही बिघडेनासं झालं होतं.

मग मी लगेच का सोडली नाही? कारण एप्रिल जवळ आला होता. बदल्यांचे दिवस. नवऱ्याची इथली मुदत भरली होती, प्रमोशनच्या यादीत त्याचं नाव होतं आणि ऑफिसात रायपूरचं बोलणं चाललं होतं. रायपूरहून अकोला एका रात्रीच्या गाडीवर. मी ठरवलं, ऑर्डर येऊ दे. कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. मालक केक आणेल, आणखी एक घड्याळ मिळेल. मी लोणचं घातलं नाही. जुनी गादी काम करणाऱ्या बाईला देऊन टाकली. किराणावाल्याकडून पुठ्ठ्याची खोकी आणून पलंगाखाली सरकवून ठेवली. एप्रिल गेला, मे निम्मा गेला. मी विचारलं की तो म्हणायचा, "बघू."

मेमधल्या एका सकाळी अपनी मंडीत, म्हणजे इथल्या भाजीबाजारात, नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची बायको भेटली. नागपूरकडची, बोलकी. खरबूज नाकाशी धरून वास घेत होती.

"नशीबवान आहात बाप्पा तुम्ही," ती म्हणाली.

"का हो?"

"का काय? बायकोच्या नोकरीसाठी प्रमोशन सोडणारा माणूस मी तर पहिल्यांदा पाहिला. आमचे हे तर सामान बांधायच्या दिवशी सांगतात मला, की आपण चाललो." तिने खरबूज ठेवून दुसरं उचललं. मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे ना," मी म्हणाले.

मी काकड्या घेतल्या. त्या कडू निघाल्या.

घरी तो गॅलरीत कूलरच्या टाकीत पाणी भरत होता. मी पिशवी न ठेवताच विचारलं, "रायपूर नको म्हणून कळवलंत?"

"कुणी सांगितलं?"

"मंडीत कळलं. घरात नाही कळलं."

त्याने नळ बंद केला. "मार्चमध्येच कळवलं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली. आता हलवत नाहीत."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू चला म्हणाली असतीस. चारही वेळा तेच म्हणालीस." मग म्हणाला, "ही सोडणार नाही असं तूच म्हणाली होतीस. ताईला, फोनवर."

त्याचा चेहरा मुलीला सायकल आणून दिली होती त्या दिवशी होता तसा होता. मी पिशवी घेऊन आत गेले. खरं त्याच वेळी सांगायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण ज्या माणसाने आयुष्यातली शेवटची बढती सोडून दिली, त्याला पाच मिनिटांत सांगायचं की ती फुकट गेली? माझ्याने झालं नाही.

म्हणून मी नोकरी करत राहिले. आता ती सोडणं म्हणजे त्याचं रायपूर पाण्यात टाकणं होतं. सकाळी स्कूटर काढायची, मोहाली गाठायची, तीन वाक्यं टाकायची. माझ्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, मग त्या खुर्च्याही कुणी घेऊन गेलं. डिसेंबरात धुकं पडलं. हेल्मेटची काच पुसत पुसत जायचं आणि ओले हातमोजे घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायचं. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, आवाज़ से पता चलता है. छोड़ दो ना यार." मराठी तिला सगळं कळतं, उत्तर हिंदीतच देते.

"सोडून काय करू?"

"कुछ भी. पापा को क्या प्रॉब्लेम है?"

पापाला प्रॉब्लेम नव्हता, तोच प्रॉब्लेम होता. पाहुणे आले की तो मोबाइलमधला होर्डिंगचा फोटो दाखवायचा. ते होर्डिंग उतरवून तिथे दुसऱ्याच बिल्डरचं लागून बराच काळ झाला होता.

जानेवारीत त्याच्या ऑफिसात नवे साहेब आले. ते याच खात्यात त्याच्या हाताखाली काम शिकलेले. एका संध्याकाळी तो घरी आला, बूट काढले आणि तसाच पायमोज्यांवर बसून राहिला. मी कणीक मळत होते.

"आज सगळ्यांसमोर बोलला मला," तो म्हणाला. "माझी फाइल समोर ठेवून मला पुढे बोलावलं. नोट कशी लिहायची ते समजावलं. त्याला ती लिहायला मी शिकवली होती."

मी म्हणाले, "ऐकून वाईट वाटलं. समजू शकते मी."

त्याला काही खटकलं नाही. त्याने मान हलवली आणि पाय चोळू लागला. मला मात्र ऐकू आलं. तीच वाक्यं, त्याच क्रमाने, मराठीत. तिसरं तेवढं राहिलं होतं. हात कणकेत तसेच ठेवून मी उभी राहिले. समोर बसलेला माणूस माझ्यामुळे अपमान गिळून आला होता आणि मी त्याला हॉस्पिटलचं उत्तर दिलं होतं.

हात धुऊन मी त्याच्यासमोर येऊन बसले.

"मला ही नोकरी सोडायची आहे."

"काय झालं?"

"काही झालं नाही. खूप दिवसांपासून सोडायची आहे."

"कधीपासून?"

खोटं बोलता आलं असतं. दिवाळीपासून म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मागच्या वर्षी बदलीची वाट बघत होते," मी म्हणाले. "पलंगाखाली खोकी आहेत बघा."

तो खरोखर वाकून पलंगाखाली बघेल असं मला वाटलं नव्हतं. आतल्या खोलीत गेला, बराच वेळ तिथेच होता. परत आला तेव्हा म्हणाला, "म्हणजे रायपूर…"

"हो."

त्या दिवशी आम्ही जेवलो नाही असं काही नाही. जेवलो. मळलेली कणीक टाकायची कशाला. त्याने दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या, भूक लागल्यावर खातो तसं. पुढचे काही दिवस तो सकाळी लवकर निघायचा आणि मी उठायच्या आत चहा करून घ्यायचा. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी राजीनामा लिहायला बसले त्या रविवारी तो मागे येऊन उभा राहिला.

"कारण काय लिहिणार?"

"काय लिहायचं तेच कळत नाही. यापूर्वी लिहावं लागलं नाही."

"व्यक्तिगत लिही," तो म्हणाला. "मीही तेच लिहिलं होतं."

मी तेच लिहिलं.

सोमवारी मालकाने वाचलं आणि वर बघितलं. "सर की ट्रान्सफर हो गई?"

"नहीं जी."

"दूसरी जॉब?"

"नहीं."

बदली नाही, दुसरी नोकरी नाही, भांडण नाही. त्याने राजीनामा पुन्हा एकदा वाचला. मग त्याने विचारलं, "हॉस्पिटल वाला काम किसको समझा के जाओगी?"

शेवटच्या दिवशी केक नव्हता. आणायचा कुणासाठी, आम्ही तिघंच उरलो होतो. निघण्यापूर्वी मी जुन्या तक्रारींत त्या बाईची तक्रार शोधली. तिला स्वतःच्या नावाने काहीतरी लिहावं असं मनात होतं. पण विभाग कोणता हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. कॉम्प्युटर बंद करून मी निघाले.

आता सकाळी मी घरी असते. नवऱ्याचा डबा भरते. तो त्याच ऑफिसात त्याच साहेबांसमोर जातो, अजून दोन वर्षं जायचं आहे. होर्डिंगचा फोटो हल्ली कुणाला दाखवत नाही. रायपूरचं नाव आम्ही दोघंही काढत नाही. टीव्हीवर हवामानात ते आलं तर कुणीतरी उठून पाणी प्यायला जातं.

गेल्या आठवड्यात खोकी काढली. ओल लागून त्यांचे तळ सुटले होते. कबाडीवाल्याला दिली. तो विचारत होता, "कहीं जा रहे थे जी?" मी म्हणाले, नाही, साफसफाई काढली आहे.