सव्वा महिन्याच्या आतलं शिंगरू

कुंभारीच्या तिप्पण्णाची बायको दाक्षायणी, हिचं एक गाऱ्हाणं अख्ख्या गावाला पाठ होतं. नवरा घोडीशी कन्नडात बोलतो आणि माझ्याशी मराठीत. त्या घरात माया कन्नडात चालायची आणि भांडण मराठीत, हे एकदा कळलं की गाऱ्हाण्याची खोली कळते. बाईचं काही खोटंही नव्हतं. संध्याकाळी तिप्पण्णा गोठ्यात शिरून "बा तंगी," ये गं बहिणी, म्हणाला की गौरा घोडी पुढं यायची आणि त्याच्या डाव्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहायची. दाक्षायणी आतून म्हणायची, "सख्ख्या बहिणीला दिवाळीला फोन केला न्हाय ह्यांनी. तंगी म्हणं."

तिप्पण्णाची हयात वरातीच्या घोड्यांत गेली. निम्म्या सोलापुराचे नवरदेव त्यानं खोगिरावर चढवले, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे त्यातले निम्मे उतरताना जास्त खूश दिसले. गुडघे बोलायला लागल्यावर त्यानं वराती सोडल्या. तेव्हा शहरातल्या फरशीच्या दुकानवाल्या गुरुशांतनं गौरा आणून त्याच्या गोठ्यात बांधली. घोडी गुरुशांतची, सांभाळ तिप्पण्णाचा. पहिलं शिंगरू मालकाचं, दुसरं सांभाळणाऱ्याचं, आणि दूध सुटेपर्यंत दोन्हींवर हुकूम तिप्पण्णाचा. कागद काही नाही. गुरुशांत पोरवयात 'मामा, मामा' करत वरातीमागं धावलेला, लगाम धरायला तिप्पण्णाकडंच शिकलेला. अशा माणसाकडून कोण कागद लिहून घेतो?

गौराला पहिलं शिंगरू झालं. मादी. काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा, जसं कुणी ओवाळता ओवाळता तांदूळ लावलेत. तिप्पण्णाच्या घरची रीत जुनी होती. सव्वा महिना शिंगरू दाराबाहेर काढायचं नाही. तोवर नाव ठेवायचं नाही, गळ्यातला काळा दोरा आणि बिब्बा सोडायचा नाही. सव्वा महिन्यानं आईच्या बरोबरीनं देवळापर्यंत न्यायचं आणि तिथं कानात नाव सांगायचं. का, म्हणून कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "तवर त्याचं जग म्हंजे आईच्या पोटाखालची सावली. त्यातनं भाईर काढायची घाई कुणाला? तुमच्या घरची बाळंतीण बाराव्या दिशी बाजारात पाठवताव का?"

तिप्पण्णाला एक व्यसन होतं, बोलण्याचं. चहाच्या टपरीवर कपभर चहात तो आयुष्यभराची विद्या ओतून द्यायचा. एकदा तिथंच, गुरुशांत शेजारी बसलेला असताना, त्यानं जुन्या धन्याकडची गंमत सांगितली होती. जनावराची मान डौलात वर ठेवायची तर चाबूक नको, लगाम नको. "आई दडव त्याची. आईला शोधताना जी मान निघती की, तसली राजाच्या घोड्याला न्हाय निघायची." टपरी खो खो हसली. सगळ्यांत मोठ्यानं तिप्पण्णाच हसला.

शिंगरू वीस दिवसांचं झालं आणि गुरुशांत आला.

"मामा, रविवारी शहराभाईर घोड्यांचं प्रदर्शन हाय. गौराला नेऊ या की."

"शिंगरू बारकं हाय."

"दाखवायचंय गौराला. शिंगराला कोण दाखवतंय? ते आईबरोबर येईल, आईबरोबर जाईल. सिद्धरामेश्वराची आण."

तो गेल्यावर दाक्षायणी म्हणाली, "आण घेताना हात वर केलता. अंगठ्या दोनाच्या चार झाल्यात."

"तू अंगठ्याच मोज."

रविवारी सकाळी गौरा टेम्पोत चढेना. दोन माणसं ओढून दमली. शेवटी तिप्पण्णा फळीवर उभा राहिला, "बा तंगी" म्हणाला आणि ती मुकाट चढली. मागोमाग शिंगरू.

मैदानावर मांडव होता, फेटे होते, लाउडस्पीकर होता. गुरुशांतनं तिप्पण्णाला मानानं पुढच्या खुर्चीवर बसवलं. "मामा, गौराची पाळी दुपारी हाय. तवर चहा घ्या." शेजारी मडिवाळप्पा, जुना बँडवाला. दोघांच्या वरातीतल्या गप्पा एवढ्या रंगल्या, की चहा तीनदा येऊन गेला.

लाउडस्पीकर ओरडला, "शिंगरू गट. क्रमांक सात, महाराणी. वय तेवीस दिवस."

तिप्पण्णानं मडिवाळप्पाला कोपरानं ढोसलं. "तेवीस दिवसाची महाराणी. मालकाला लाज न्हाय ती न्हाय, पर सांभाळणाऱ्यालाबी अक्कल न्हाय बघ."

मडिवाळप्पा हसत होता तोच शिंगरू रिंगणात आलं. काळं. कपाळावर टिळा.

गळ्यात दोरा नव्हता, बिब्बा नव्हता. डोळ्यांभोवती तेल चोपडून चमक आणलेली. ज्या लांब केसांनी शिंगरू चाचपडत आईचे सड शोधतं, ते ओठांवरचे केस वस्तऱ्यानं साफ केलेले. आणि मान? मान अशी काढलेली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. कान ताठ, गुडघे उंच, चारी दिशांना बारीक खिंकाळत ते धावत होतं. "काय ऐट हाय," मागून कुणीतरी म्हणालं. ती ऐट कशाची, हे त्या मांडवात दोनच माणसांना ठाऊक होतं.

तिप्पण्णा उठला. मैदानाच्या पार टोकाला, जनरेटरच्या घरघरीमागं, तोच टेम्पो ताडपत्री टाकून उभा होता. आत गौरा घामानं निथळत होती. कास तटतटून दुधाची धार मागच्या पायांवरून खाली गेलेली. तिप्पण्णानं तिला उतरवलं आणि नेली सरळ रिंगणात.

तिथं महाराणीचा पहिला नंबर पुकारला जात होता. शिंगरू धावत आलं, आईच्या पुढच्या पायाला धडकलं, मग बरगडीला, मग मांडीला. सड काही सापडेना. लोकांना मौज वाटली, मोबाइल वर झाले. तिप्पण्णा दुखऱ्या गुडघ्यांवर बसला आणि त्यानं ते गुळगुळीत तोंड हातानं धरून सडाला लावलं.

गुरुशांत वाकला. "मामा, लोकं बघायलेत. उठा, फोटो काढायचाय."

"आण घेतली होतीस तू."

"आईबरोबर आणलं, आईबरोबर नेणार. मोडली कुटं?" तो हसला. हसण्यात लबाडी नव्हती, हीच पंचाईत. जुनीच माया होती. "आन् मान कशी काढायची ते शिकवलं कुणी मला? तुमीच की. तुमचाच नंबर हाय ह्यो, मामा."

तिप्पण्णानं शिंगराचं पिणं होऊ दिलं आणि गौराचा दोर हाती घेतला.

टेम्पो सोडून तो दोघींना घेऊन कुंभारीपर्यंत चालत आला. शिंगरू दर फर्लांगाला प्यायला थांबे, तसा तोही थांबे. संध्याकाळी नेहमीसारखा गोठ्यात शिरला. "बा तंगी."

गौरानं कान मागं पाडले. शिंगराच्या आणि त्याच्या मधे येऊन, त्याच्याकडं पुठ्ठा करून ती उभी राहिली. टेम्पोत चढवलं कुणी होतं, हे तिला बरोबर ठाऊक होतं. तिच्या लेखी गुरुशांत कोण?

आता गुरुशांतच्या दुकानात गल्ल्याच्या वर महाराणीचा मोठा फोटो लागलाय. बघून आलेले सांगतात, फोटो झकास आहे. फक्त एका कडेला शिंगराच्या तोंडाशी मनगटापर्यंतचा एक हात दिसतो. हाताच्या मागचा म्हातारा कापलाय. तिप्पण्णाच्या कानावर ते आलं. त्या दिवसापासून टपरीवर जाणं त्यानं सोडलं.

सव्वा महिना भरला. गौरा त्याला शिंगराजवळ येऊ देईना, म्हणून नवा दोरा आणि बिब्बा दाक्षायणीनंच बांधला होता, सोडलाही तिनंच. देवळाकडं निघाली ती दाक्षायणी, तिच्या मागं गौरा, पोटाशी शिंगरू. तिप्पण्णा दहा पावलं मागून, वऱ्हाडातल्या नको असलेल्या पाहुण्यासारखा.

पायरीशी ती थांबली. "नाव काय सांगू?"

"तूच ठेव. माझ्या तोंडच्या शब्दाला आता काय किंमत हाय तिच्यापाशी."

दाक्षायणी वाकून शिंगराच्या कानात काहीतरी पुटपुटली. कन्नडात.

परतताना न राहवून त्यानं विचारलं, "काय ठेवलंस?"

"गौराला विचारा," ती म्हणाली, "बोलायला लागली की."