खिंडीतल्या घंटा आणि माझा नवस

घंटा दिसली की मी वाजवते. यात काही चुकतं, असं मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

आमचे हे कार्डिफच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. "काही होत नाही, डोळे मिटा" असं सांगत त्यांनी जन्मभर माणसं झोपवली. स्वतःची बायपास झाल्यावर मात्र आपल्याला काहीतरी होणार, या धास्तीने त्यांचाच डोळा लागेना. सर्जन म्हणाले, आता रोज चाला. हे कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचे, तिला टेकून मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायचे आणि घरी यायचे. (शेजारीण मला विचारायची, डॉक्टर एवढी पत्रं लिहितात तरी कोणाला?)

त्यांच्या टेबलासमोर भिंतीवर बरीच वर्षं एक कार्ड होतं. एका जपानी सहकाऱ्याने पाठवलेलं. उंच झाडांमधून खिंडीकडे चढणारी, बर्फाने पांढरी झालेली दगडी वाट. जपानचा जुना हमरस्ता. "रिटायर झालो की हिवाळ्यात इथे चालायचं," असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. बायपासनंतर त्यांनी ते कार्ड काढून खणात टाकलं. मला ऑपरेशनपेक्षा ते जास्त लागलं.

केंब्रिजला नोकरी करणारी आमची केतकी ख्रिसमसला घरी आली, तेव्हा मी तिला ते खणातलं कार्ड दाखवलं. तिने त्याच वाटेवरची फेब्रुवारीतली वॉकिंग टूर तिघांसाठी बुक करून टाकली.

"बाबा, गाइड असतो, सामान व्हॅनने पुढे जातो. यू जस्ट वॉक. दमला तर व्हॅनमध्ये बस." (केतकीचं मराठी कार्डिफमध्ये वाढलेलं आहे, सांभाळून घ्यावं.)

"आणि वाटेत काही झालं तर?"

"जपानमध्ये डॉक्टर असतात," मी म्हणाले. "तुम्हाला कार्ड काय वाण्याने पाठवलं होतं?"

गाइड हारुको नावाची एक चिमुकली, मृदू बोलणारी मुलगी होती. बाकी मंडळी ब्रिटिश. त्यात साउथहॅम्प्टनच्या एक निवृत्त हेडमिस्ट्रेस, मार्गारेट. खिंडीच्या पायथ्याशी हारुको म्हणाली, "ज्यांना चढ नको, त्यांनी इथे व्हॅनमध्ये बसावं. व्हॅन तासभर इथेच आहे." ह्यांचा पाय व्हॅनकडे वळला. मी दंड धरला.

"थोडं तरी चला. नाहीच जमलं, तर परत येऊ."

"तू म्हणजे ना," हे म्हणाले. पण निघाले.

थोडं वर गेलो आणि पहिली घंटा दिसली. लाकडी खांब, त्यावर इवलंसं छप्पर, खाली पितळी घंटा आणि ओढायला दोरी. शेजारी जपानी अक्षरांची पाटी आणि तिच्यावर पावसापाण्याने पुसट झालेलं चित्र. काळा रंग, गोल पाठ, चार पाय.

"अहो, नंदी."

"जपानमध्ये?"

"बुद्ध इथवर आले, मग नंदीला यायला काय झालं?"

मी बूट काढले.

"आई, काय करतेस? पाय फ्रीज होईल!" केतकी ओरडली.

"देवापुढे काय बूट घालून उभं राहायचं?" मी बर्फात मोज्यांनिशी उभी राहिले, घंटा वाजवली आणि हात जोडले. देवा, ह्यांना एवढी खिंड चढू दे. नारळ देईन.

पुढच्या वळणावर दुसरी घंटा. पुन्हा बूट, पुन्हा हात, पुन्हा नारळाची आठवण. मार्गारेटने आदराने विचारलं, "ही इथली प्रथा आहे का?"

"फार जुनी," मी ठोकून दिलं.

झालं. हेडमिस्ट्रेसबाईंनी बूट काढले. त्यांनी काढले म्हणून बाकीच्यांनी काढले. तिसऱ्या घंटेला तर मोज्यांतल्या ब्रिटिशांची रांग लागली, आणि मी "एकेक करून, ढकलू नका" असं सांगत होते. पुढे गेलेल्या हारुकोने मागे वळून पाहिलं, ती कमरेत वाकली आणि म्हणाली, "तुम्ही फार काळजी घेणारी माणसं आहात." मी ते 'भाविक' असं समजले.

माथा जवळ आला आणि हे एका दगडावर बसले. मनगटावर बोटं.

"मी खाली जातो. व्हॅन असेल अजून. तुम्ही व्हा पुढे."

चेहरा तोच, पोस्टाच्या पेटीपाशी असायचा तो. आज हे खाली गेले तर कार्ड कायमचं खणात गेलं, हे मला कळत होतं. समोरच चौथी घंटा होती. या वेळी बूट काढायलाही सवड नव्हती. मी दोरी धरली आणि आरतीला बडवतात तशी बडवत सुटले.

हारुको वरून धावत आली.

"प्लीज, एवढं नको. घाबरू नका. हिवाळ्यात अस्वलं झोपलेली असतात."

"कोण झोपलेलं असतं?" ह्यांनी विचारलं.

"अस्वलं. माणसं येताहेत हे त्यांना कळावं, म्हणून या घंटा आहेत." तिने पाटीकडे बोट दाखवलं. मी जवळ जाऊन पाहिलं. माझ्या नंदीला शिंगं नव्हती. दोन गोल कान होते.

मार्गारेट एका पायाचा बूट काढून उभ्या होत्या, तो त्यांनी निमूटपणे पुन्हा चढवला.

"झोपलेली म्हणजे कितपत गाढ?" हे भूलतज्ज्ञाच्या आवाजात म्हणाले.

हारुको खोटं बोलणारी मुलगी नव्हती. तिने विचार केला. "फार गाढ नाही. मोठा आवाज झाला, तर जाग येते."

अर्धवट झोपेतून उठलेला पेशंट काय करतो, हे आमच्या घरात एकाच माणसाला नीट ठाऊक होतं. ते दगडावरून उठले आणि चालायला लागले. हारुकोच्या पुढे, सगळ्यांच्या पुढे.

"बाबा कुठे गेली?" केतकीने विचारलं.

माथ्यावर पोचले तर हे शांत उभे होते. खाली झाडांमधून ती पांढरी दगडी वाट उतरत गेलेली. थेट कार्डातली.

"नाडी?" मी धापा टाकत विचारलं.

त्यांचा हात मनगटाकडे गेला आणि तिथेच थांबला. "मोजायची राहिलीच की," असं म्हणून हे हसायला लागले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच असे हसत होते. मला रडू आलं, आणि मी ते थंडीवर ढकललं नाही.

घरी आल्यावर कार्ड पुन्हा भिंतीवर लागलं. हे पोस्टाच्या पेटीला वळसा घालून पार तळ्यापर्यंत जायला लागले. राहिला नवस. तो बोलले देवाला आणि पोचला अस्वलाला, पण ज्याला पोचला त्याने काम तर केलं होतं! मग ईस्टरला नारळ घेऊन आम्ही एक प्राणिसंग्रहालय गाठलं. अस्वलाची देखभाल करणाऱ्या माणसाने नारळ हातात घेऊन विचारलं, "याचा वाढदिवस आहे का?"

"नाही," हे म्हणाले. "हे माझे फिजिओथेरपिस्ट."

निघताना तिकीटघराजवळच्या खांबावर एक सुरेख पितळी घंटा दिसली. आता, घंटा दिसली की मी वाजवते. चांगली मनापासून वाजवली. प्राणिसंग्रहालय बंद होत असल्याची ती घंटा होती. भर दुपारी सगळीकडची माणसं पोरंबाळं, पिशव्या गोळा करून दाराकडे निघाली.

हे त्यांच्याही पुढे होते, आणि नाडी मोजायला थांबले नव्हते. या वेळी मागे अस्वल नव्हतं. मी होते.