पाहुण्यांना काम सांगायचं नाही

रुद्रेश माझा वीस वर्षांपासूनचा दोस्त, म्हणून चिडूनच सांगतो: त्याचं ॲप त्याच्या चांगुलपणानं बुडालं.

तो मूळचा अहमदपूरचा, नांदेडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. एसटीच्या वेळा दाखवणारं ॲप त्यानं एकट्यानं बनवलं आणि ओपन सोर्स केलं, म्हणजे कोड सगळ्यांपुढं उघडा ठेवला. ज्याला जमेल त्यानं सुधारावा. लोक आलेही. पण पाहुण्यानं स्वतःच्या हातानं पाणी घेतलं तरी रुद्रेशची आई शिवम्मा ओशाळायची. यानं तोच कित्ता गिरवला. कुणी दुरुस्ती पाठवली की भरभरून आभार मानायचा, आणि त्यात बारीकशी चूक दिसली तरी ती न सांगता सगळं स्वतःच नव्यानं लिहायचा. वर मला म्हणायचा, "फुकट काम करून राहिलेत बिचारे. आणखी तरास कशाला द्यायचा?"

धर्माबादची बुद्धप्रिया तेव्हा इंजिनिअरिंगला होती. नऊ दिवस स्टँडवर बसून तिनं तेलंगणात जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा टिपल्या, कोड लिहून पाठवला. यानं तासाभरात तो काढून आपला बसवला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, "सर, माझं काय चुकलं ते सांगा. मीच दुरुस्त करते." यानं उत्तर धाडलं, "तुम्ही आमच्या पाहुण्या. तुम्ही फक्त वापरा."

ती पुन्हा आली नाही. हळूहळू कुणीच येईना.

यंदा रुद्रेशचे डोळे अधू झाले. वेळापत्रकं बदलली, ॲप जुन्याच वेळा दाखवत राहिलं, लोकांच्या गाड्या हुकल्या. सांभाळणारं माणूस हवं होतं. त्यानं बुद्धप्रियाला फोन केला. ती आता हैदराबादला असते. तिनं सुरू केलेल्या अशाच खुल्या कामात चाळीस जण राबतात. तरी ती त्याच्या घरी आली. मीही होतो.

"एवढे लोक टिकवले कसे?" यानं विचारलं.

"काही न्हाई सर. आलेल्याला पहिल्याच दिवशी छोटं काम देते. चुकलं तर त्यालाच नीट करायला लावते."

रुद्रेशनं मान खाली घातली. "लई चुकलं माझं. आता तू सांभाळशील का?"

ती हो म्हणणार होती, असं मला आजही वाटतं. विचार करत तिनं चहाच्या कपबश्या उचलल्या आणि मोरीकडं निघाली. हा धडपडत उठला अन् त्या तिच्या हातातून काढून घेतल्या. "राहू द्या, राहू द्या! तुम्ही पाहुण्या!"

ती थांबली. "न्हाई जमायचं सर," हळूच म्हणाली आणि गाडी गाठायला निघाली.

रुद्रेश कपबश्या घेऊन तसाच उभा. मला त्याचा भयंकर राग आला. मग आठवलं, हे सगळं मला कधीपासून दिसत होतं. वीस वर्षं मीही त्याच्याकडं नुसता चहा पीत बसलो.